बैठे काम, हृदय आणि हक्काची पाच मिनिटे

लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन कामगार असत. एक चालक, दुसरा वाहक. दोघांचे वर्ग एक, वस्ती एक, मिळकतीतही फारसे अंतर नाही. पण चालक पाळीभर आसनाला जखडलेला, तर वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला की, हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये वाहकांपेक्षा अधिक आहे आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचा धोकाही त्यांना अधिक आहे. टपाल खात्यातही तेच आढळले. पत्रे वाटीत फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा मेजावर बसणाऱ्या कारकुनाचे हृदय अधिक दुबळे ठरले.

मॉरिस यांची शास्त्रीय सचोटी अशी की, त्यांनी आपल्याच निष्कर्षाची उलटतपासणी केली. १९५६ साली त्यांनी कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचे कमरेचे माप नोकरीच्या प्रारंभापासूनच मोठे असल्याचे दिसून आले. म्हणजे सारा दोष आसनाचाच होता, असे नव्हे. तथापि, पुढील सात दशकांच्या संशोधनाने मूळ मुद्दा खोडून काढला नाही. उलट तो अधिक नेमका केला. किती वेळ बसतो याबरोबरच किती वेळ अखंड बसतो, हेही महत्त्वाचे आहे.

याचे कारण समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. पायांचे आणि मांड्यांचे स्नायू हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर व चरबी वापरली जाते आणि पायांतले रक्त हृदयाकडे परत ढकलले जाते. तासन् तास बसून राहिले की हे काम जवळजवळ थांबते. रक्त पायांत साचते, रक्तप्रवाह मंदावतो आणि रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची शक्ती घटते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी काही प्रौढांना दिवसभर बसवून ठेवून, मध्ये निरनिराळ्या अंतराने चालावयास लावून पाहिले. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे संथ चालण्याने जेवणानंतरची साखरेची उसळी पुष्कळच कमी झाली आणि रक्तदाबही पाऱ्याच्या ४ ते ५ मिलिमीटरांनी उतरला. प्रयोग लहान होता, माणसे अवघी अकरा. त्यावरून आयुष्य किती वर्षांनी वाढेल याचे गणित मांडणे अशास्त्रीय ठरेल. परंतु दिशा स्पष्ट आहे.

येथवर मध्यमवर्गीय वृत्तपत्रांची आरोग्य-पुरवणीही आपल्याबरोबर येते. त्यानंतर मात्र ती 'सकाळी फिरावयास जा' असा उपदेश करून थांबते. या उपदेशाची किंमत काय? २०१६ साली 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्याचा वाढीव धोका पुसून काढावयाचा तर रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, असे त्यातून दिसले. वसईहून चर्चगेटला लोंबकळत येणाऱ्या आणि घरी पोचताच चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या स्त्री-कर्मचाऱ्याने हा सव्वा तास कोठून आणावा? तिला स्वतःच्या मालकीचा वेळ आहे, असे गृहीत धरूनच हा सल्ला दिला जातो.

मार्क्सने 'भांडवला'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसातील रंध्रांचा उल्लेख केला आहे. कामाची तीव्रता वाढविणे म्हणजे श्रमांच्या मधल्या या बारीक मोकळ्या जागा बुजविणे. (अनुवाद करताना 'छिद्रे' लिहावे की 'रंध्रे', यावर आमच्या विभागात अर्धा दिवस वाद झाला होता, तोही बसूनच!) आज संगणकापुढील कामगाराच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. पूर्वी फाईल आणावयास, टपाल द्यावयास, साहेबाची सही घ्यावयास माणूस उठत असे. आता सारे पडद्यावर येते आणि कित्येक ठिकाणी तो किती मिनिटे जागेवर नव्हता याची नोंद तोच पडदा ठेवतो. शिवणकामाच्या कारखान्यात तासागणिक उद्दिष्ट असते. सोलापूरची विडी-कामगार स्त्री मांडीवर सूप घेऊन बसते. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. ती पाच मिनिटे उठली तर तेवढ्या विड्या कमी झाल्या. तिला 'मधून मधून उठत जा' असे सांगणे म्हणजे 'मधून मधून मजुरी सोड' असे सांगणे होय.

अर्थात, उभे राहणे हा यावरचा उतारा नव्हे. केरळातील वस्त्रदालनांत दिवसभर उभे ठेवल्या गेलेल्या विक्रेत्या स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथील दुकाने व आस्थापना कायद्यात बसण्याचा हक्क आला. २०२१ साली तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. एकीला बसू दिले जात नाही, दुसरीला उठू दिले जात नाही. आपल्या शरीराची हालचाल कोणी ठरवावयाची, हा दोघींचाही प्रश्न आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय आणि पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती दिली होती. बैठ्या कामगाराने अर्ध्या तासाने उठावे, याची तरतूद त्यात नव्हती. कारण तेव्हा हे ज्ञानच नव्हते. आज ते आहे. म्हणून बैठ्या कामातील सवेतन खंड आणि हा खंड हिशेबात धरून ठरविलेले विडीचे दर यांना कामगार संघटनांच्या मागणीपत्रात स्थान मिळाले पाहिजे. वेतनवाढीच्या मागणीपुढे ही बाब क्षुल्लक वाटेल. आठ तासांची मागणीही एके काळी अनेकांना अव्यवहार्य वाटली होती.

आणि थोडी आत्मटीका. आपल्या चळवळीच्या कार्याचे एकक 'बैठक' हेच आहे. सकाळी दहाला सुरू झालेली बैठक दोनपर्यंत हलत नाही. चहा जागेवर येतो, वडेही जागेवर येतात. अहवाल लांबतो आणि मधुमेह, रक्तदाब असलेले ज्येष्ठ कॉम्रेड शिस्तीपायी पाय आखडून बसून राहतात. आयुष्यभर पायी हिंडून संघटना बांधलेली ही माणसे उतारवयात आपण खुर्चीला बांधतो. उठले तर अनास्था दिसेल, ही भीती अध्यक्षानेच घालविली पाहिजे. दर अर्ध्या तासाने त्याने स्वतः उठावे म्हणजे झाले.

आमच्या अनुवाद विभागात गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक प्रघात पाडला आहे. दोन पाने संपली की खाली अंगणात जाऊन यावयाचे. प्रारंभी मुद्रितशोधक कॉम्रेडनी नाक मुरडले, अंक रेंगाळेल म्हणाले. अंक एकदाही रेंगाळला नाही. हल्ली तेच सर्वांच्या आधी जिना उतरतात. मात्र हातातले मुद्रित ते अजून खाली ठेवीत नाहीत.