खारं पाणी तिथलं अन् आपल्या वावरातलं

कपाशीचा पहिला वेचा घरात आला अन् चार दिवस काढून आम्ही घरचे वेंगुर्ल्याला जाऊन आलो. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाच्या बाया २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडंही त्याच दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, म्हणून खंड्या जागचा उठत नाही. मेळघाटात जिप्सीच्या धुरात वाघ शोधण्यापेक्षा मला हे बरं वाटलं, पण तो विषय वेगळा.

तिवराच्या पानाला जीभ लावून पाहिली. खारट! मुळातून आलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. त्याची मुळं श्वास घ्यायला चिखलातून बोटांसारखी वर आलेली. शेजारचा कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, अन् त्याचं बी झाडावरच उगवून शेंगेसारखं लोंबतं.

आमचा दादा म्हणाला, "हे झाड आपल्या वावरात लावलं तं? पाणी तं आपलंबी खारंच हाये."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून पूर्णाकाठी सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर खारपाणपट्टा आहे, अन् आपण सगळेच खार सहन करणारी जात शोधत बसलोय. माझ्या मते इथंच चुकतं. खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते-जाते, मीठ धुऊन नेते. आपल्या काळ्या जमिनीत सोडियममुळे माती फुगते, पाणी खाली उतरत नाही. बोअरचं पाणी उडून जातं अन् मीठ राहतं.

मी तीन वर्षं हरभऱ्याला बोअरचं पाणी दिलं. चौथ्या वर्षी ढेकळं फुटेनात, वर पापडी धरली, निम्मंच उगवलं. आता शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्यावर एकच संरक्षित ओलीत करतो, अन् धुऱ्याला चर काढलाय. माती तपासून जिप्समही टाकतो, पण निचऱ्याला वाट नसेल तर जिप्समचे पैसे चिखलात गेले समजा.

दादा या उन्हाळ्यात नवा बोअर घ्यायचा म्हणतो. मी त्याला थांबवलंय. आधी शेजारच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून अकोल्याला तपासायला नेतो. ईसीसोबत एसएआरही काढून घेऊ. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.