खडप कुणाचं?

आमच्या देवगडाकडच्या खडपावर हल्ली रविवार आला की शहरातली पोरं हजर. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडकाळ किनारा. पाठीला पिशवी, हातात कार्बनची दांडी आणि दोऱ्याच्या टोकाला रंगवलेला प्लास्टिकचा मासा. त्याला ते ल्युअर म्हणतात. सुंगट नको, कुर्ली नको. तो खोटा मासा लांब फेकायचा आणि हिसके देत ओढत आणायचा. जखमी मासा पळतोय असं वाटून तांबोशी त्याच्यावर झेप घेते.

यावरून गावात भांडण लागलंय. परवा बैठकीत एकजण तावातावाने म्हणाला, ही माशांची फसवणूक आहे, ह्यांनीच मासे संपवले, बंदी घाला. मला हसूच आलं. अरे बाबा, सुंगटात गळ लपवून आपण माशाला काय पंगतीला बोलावतो? मी आठ वर्षांचा असल्यापासून गरवतोय, आधी बापाबरोबर, लाकडाला गुंडाळलेल्या तंगुसाने. फसवल्याशिवाय एकही मासा वर आला नाही. आणि अर्धा दिवस दांडी फेकून ज्याला एक तांबोशी मिळते, तो काय समुद्र संपवणार? एलईडीचा उजेड पाडून केलेली मासेमारी केंद्र सरकारने २०१७ साली बंद केली. तरी रात्री कडेला उभं राहिलं की दूरवर ते दिवे दिसतात. त्यांच्याविरुद्ध बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून राग दांडीवाल्या पोरांवर.

पण पोरं निर्दोष आहेत असं नाही. माझं त्यांच्याशी भांडण वेगळं आहे.

ती म्हणतात, "काका, आम्ही मासा पकडतो, फोटो काढतो नि सोडून देतो. कुणाचं काय बिघडलं?" तापलेल्या कातळावर आपटलेला मासा सोडल्यावर किती जगतो ते सोडा. बिघडलं ते माझ्या चुलत वहिनीचं.

तांबोशी खडकाच्या बिळात राहते. ल्युअर तोंडात धरला की ती सरळ बिळाकडे वळते. खडकाला कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. ह्यांचा विणलेला दोरा ओढायला कितीही मजबूत असला तरी शिंपेवर घासला की कचकन तुटतो. कधी मासा नसतानाच ल्युअर कपारीत अडकतो. हजार रुपयांचा ल्युअर गेला म्हणून पोरगा हळहळतो, दुसरा बांधतो. पहिला तिथेच राहतो. त्याच्या पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ. दोरा तर कुजतसुद्धा नाही.

आता त्याच खडपावर बायका कालवं काढायला जातात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला सुकती. हे गणित आमच्या बायकांना शाळेत न जाता येतं. पुनव-अमावस्येला पाणी जास्तीत जास्त खाली जातं, तेव्हा खालची मोठी कालवं उघडी पडतात. हातात टोकदार लोखंड, पायात झिजलेली रबरी चप्पल किंवा तीही नाही. पोरं रविवार बघून येतात, बायका तिथी बघून. पोरांना चढतं पाणी हवं, बायकांना उतरलेलं. खडक एकच, पण गाठ पडत नाही. त्यामुळे आपण ठेवलेलं कुणाच्या पायात जातं, हे पोरांना कळतच नाही.

वहिनीच्या टाचेत तिन्हीतले दोन काटे गेले. गळाला उलटं टोक असतं, मागे ओढून निघत नाही. डॉक्टरांनी काटा पुढे ढकलून बाहेर काढला, टोक कापलं, मग उरलेला मागे घेतला. मी भेटायला गेलो तर म्हणते, "भावजीनू, माशाक लागूचो गळ माका लागलो." हसली. मला नाही हसता आलं. दोन उधाणं तिची घरात गेली. कालवांच्या पैशावर तिचा महिना चालतो.

माझ्या भातखाचरात कुणी फुटक्या बाटल्या टाकल्या तर मी गप्प बसेन का? शेताला सातबारा आहे म्हणून त्याला मालक दिसतो. खडपाला सातबारा नाही, म्हणून ते मोकाट वाटतं. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथून पीक काढणाऱ्या बायका आहेत की!

बंदीला माझा विरोधच आहे. तीन काट्यांचे गळ काढून एकेरी लावा, त्याचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाका. मासा सोडायचाच आहे ना, मग तेवढं उलटं टोक हवंय कशाला? आणि ल्युअर तुटला तर सुकतीला परत या, शोधा, घेऊन जा. एवढं जमत नसेल तर तळ्यावर जा.

हे मी बैठकीत बोललो. मागून कुणीतरी म्हणालं, आधी घरच्याला सांगा. खरं आहे. माझा मुलगा मुंबईहून सुट्टीत येतो तेव्हा तीच दांडी घेऊन त्याच खडपावर जातो. गेल्या फाल्गुनी पुनवेला मी सुकतीला एक फेरी मारली, सापडलं ते पत्र्याच्या डब्यात भरून आणलं. अकरा गळ. शिमग्याला मुलगा आला, डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक हिरवा ल्युअर उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, हा माझा."

डबा अजून पडवीत आहे. खडपाची वाट विचारायला कुणी आलं की आधी तो दाखवतो.