एकट्याचा म्हणवला जाणारा दिवस

मराठीत सायकलप्रवासाच्या लेखनाला सध्या तोटा नाही. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि पदरमोड करून छापलेल्या पुस्तकांत ते मुबलक सापडते. त्याचा साचाही एव्हाना ठरून गेला आहे. पहाटे निघणे, दुपारपर्यंत इतके किलोमीटर, एक घाट 'सर करणे', एक पंक्चर, संध्याकाळी मुक्काम आणि शेवटी स्वतःचा शोध लागल्याची ग्वाही. या साऱ्यावर शिक्का असतो तो 'सोलो' या शब्दाचा. आमचे भांडण प्रवाशाच्या कष्टांशी नाही, त्या शिक्क्याशी आहे.

सायकलस्वारांच्या परिभाषेत या शब्दाला 'अनसपोर्टेड' अशी आणखी एक जोड मिळते. तिचा अर्थ एवढाच, की मागून सामानाची गाडी येत नाही. अर्थ मर्यादित आहे आणि तेवढ्यापुरता खराही आहे. परंतु लेखनात उतरताना तो फुगतो आणि 'कोणाच्याही आधाराविना' असा होऊन बसतो. तांत्रिक संज्ञेचे हे नैतिक बिरुदात झालेले रूपांतर साहित्याच्या अभ्यासकांनी निमूटपणे का स्वीकारावे?

आरोप करण्यापूर्वी स्वतःची झडती देणे बरे. (प्रवास एकट्याने केला आणि लिहितो आहोत 'आम्ही' म्हणून, ही विसंगती सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. तूर्त ती तशीच राहू द्यावी.) काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना एक दिवस गुहागर ते गणपतीपुळे असा केला. त्या रात्री वहीत नोंद केली: 'सुमारे ६० किमी. चढ अवघड. एक पंक्चर. तवसाळहून फेरीबोट. सोलो.' त्याखाली अर्धे पान मालगुंडविषयी.

आता वहीत न आलेला दिवस सांगतो. या रस्त्यावर गावे खाली, खाडीच्या किंवा समुद्राच्या कुशीत असतात, आणि दोन गावांमध्ये जांभ्या दगडाचा सडा असतो. म्हणजे चढायचे, माथ्यावरच्या उन्हात तापायचे, उतरायचे आणि पुन्हा चढायचे. सामानाने लादलेली सायकल आम्ही बहुतेक चढांवर उतरून ढकलली. 'चढ अवघड' या दोन शब्दांत ते ढकलणे आम्ही सोयीस्करपणे लपवले.

हेदवीच्या अलीकडे चाकात काटा गेला. जवळची जादा ट्यूब काढली तर ती घडीवरच चिरलेली. रस्त्याकडेच्या घरातून एक गृहस्थ बाहेर आले. ते पंक्चर काढणारे नव्हेत, सुतारकाम करणारे. त्यांची स्वतःची जुनी सायकल पडवीला टेकून उभी होती. चमच्यांच्या दांड्यांनी त्यांनी टायर उचलला, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधले, काचकागदाने घासून ठिगळ लावले. घरातल्या बाईंनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. पैसे घेतले नाहीत. आम्ही कुठून आलो, कुठे निघालो हे त्यांनी विचारले. आम्ही मात्र एवढेच विचारले, की जेट्टी किती लांब आहे. त्या सायकलवरून ते रोज कामाला जातात, हे त्यांनी आपण होऊन सांगितले म्हणून कळले. पुढे तवसाळला सुटायला आलेली फेरीबोट खलाशांनी आमच्यासाठी क्षणभर थांबवली, आणि मासळीच्या पाट्या सरकवून बायकांनी सायकलला जागा करून दिली.

संध्याकाळी मालगुंडला केशवसुतांच्या जन्मस्थळी थांबलो आणि भारावलो. ज्या कवीने 'मजुरावर उपासमारीची पाळी' लिहून कष्टकऱ्याला आधुनिक मराठी कवितेत आणले, त्याच्यासाठी आमच्याकडे अर्धे पान होते. दुपारी ज्याच्या हातांनी आमचे चाक फिरते केले, त्या कष्टकऱ्यासाठी 'एक पंक्चर' एवढे दोनच शब्द. याला केवळ विस्मरण म्हणता येईल काय? आमच्या मते हा साच्याचा परिणाम आहे. 'सोलो' हा शब्द शेवटी लिहायचा असेल, तर त्याआधीची माणसे खोडावीच लागतात.

यावर कोणी म्हणेल, की एकांत खराच असतो. आम्हाला ते मान्य आहे. सड्यावरचे दोन-तीन तास आम्ही कोणाशी एक शब्दही बोललो नाही, आणि ते तास मोलाचे होते. पण तो एकांत दोन घरांच्या मधला होता, आणि घरे गाळली की एकांताचाही अर्थ बिघडतो.

हे टाळता येते, याचे दाखले आहेत. गोडसे भटजींनी १८५७ मध्ये घरच्या दारिद्र्यापायी, दक्षिणेच्या आशेने उत्तरेची वाट धरली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये ती आशा कोठेही झाकलेली नाही. १९६३ मध्ये आयर्लंडहून सायकलवर दिल्लीपर्यंत एकटी आलेली डर्व्हला मर्फी हिचे 'फुल टिल्ट' (१९६५) हे दैनंदिनीवजा पुस्तकही पाहावे. तिचा अफगाणिस्तान आतिथ्य करणाऱ्या माणसांनी भरलेला आहे, आणि त्यामुळे तिचे धाडस तसूभरही कमी होत नाही.

साच्याचे खरे नुकसान मात्र पुस्तकांबाहेर होते. मे २०२० मध्ये टाळेबंदीत एका पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी वडिलांना कॅरियरवर बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्यापर्यंत, सुमारे १२०० किमी, सायकल चालवली. जुनी सायकल, हाताशी पैसा नाही, आणि घरी पोचण्याचा दुसरा मार्ग नाही. त्यावर कौतुकाचा वर्षाव झाला आणि सायकलिंग महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावले. लादलेली वणवण पराक्रम म्हणून वाचली गेली, आणि ती कोणी लादली हा प्रश्न मागे पडला. लांब पल्ल्याची सायकल म्हणजे जिद्द, असे वाचण्याची सवय आम्हा लिहिणाऱ्यांनीच लावली आहे.

तेव्हा प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी किलोमीटर बाजूला ठेवून लेखकाला काही साधे प्रश्न विचारावेत. पाणी कोणी दिले? चाक कोणी दुरुस्त केले? त्या रस्त्याने रोज सायकलवर कोण जाते, आणि त्याला 'सायकलस्वार' का म्हणत नाहीत? उत्तरे नसतील तर वर्णन अपुरे समजावे, आमच्या वहीसकट.

ती वही आम्ही नुकतीच पुन्हा काढली आणि 'सोलो' हा शब्द खोडला. त्या जागी त्या गृहस्थांचे नाव लिहावे असे मनात होते. पण ते आम्ही त्या दिवशी विचारलेच नव्हते.