‘पारोया’ला पैकीच्या पैकी मार्क

‘र’ शिकवणं सोपं, टिकवणं अवघड. थेरपीच्या खोलीत आरशासमोर ‘राजा, रवा, रस्सी’ खणखणीत म्हणणारं पोर जिना उतरता उतरता म्हणतं, ‘आई, लिक्षा कल ना!’ आईचा चेहरा पडतो. फी पाण्यात गेली असं तिला वाटतं. तसं नसतं. खोलीत मुलाचं लक्ष जिभेवर असतं, बाहेर ते रिक्षावर असतं. जुनी सवय नेमकी तिथं डोकं वर काढते.

अमेरिकेतले वाचोपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी १९३९ सालच्या पुस्तकात ही चढण पायरीपायरीनं मांडली: आधी सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा. आम्ही स्पीच थेरपिस्ट आजही साधारण त्याच वाटेनं जातो. शेवटची पायरी मात्र दवाखान्यात नसतेच. ती घरी, दुकानात, एसटीत असते.

एसटीचं म्हणाल तर खानदेशानं ‘र’ची उजळणी रस्त्यावरच मांडून ठेवलीय. रावेरला ‘र’ दोन्ही टोकांना, एरंडोल-पारोळ्याला मध्ये, अमळनेरला शेवटी. जळगावहून धुळ्याच्या गाडीत बसलात की तिकीट मुलालाच काढू द्या. आई सोबत असेल तर ‘दोन हाफ, पारोळा’, कारण २०२३पासून तिलाही निम्मंच भाडं. चुकला तर कंडक्टरसमोर ‘नीट बोल’ म्हणून टोकू नका. ‘हो, पारोळा’ एवढं आपण स्वच्छ म्हणायचं आणि विषय संपवायचा. घरीही दिवसभर पाळत नको. जेवताना पाच-दहा मिनिटं ‘र’ची, बाकी वेळ पोराच्या गोष्टीची.

आता समजा, पोरगं ‘पालोळा’वरून ‘पारोया’वर आलं. काही पालक इथं पुन्हा हिरमुसतात: ‘ळ’ गेला की! अहो, अहिराणीत त्याचा ‘य’च होतो. आजीचं धुये, जयगाव, केयी ऐकत वाढलेलं मूल ‘पारोया’च म्हणणार. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीतही हीच रीत, आणि २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला नाव त्यांचंच आहे. घरची मोठी माणसं जो उच्चार पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्याला दोष म्हणत नाहीत. ‘ल’च्या जागी ‘र’ बसवणं माझं काम. आजीची बोली पुसणं माझं काम नाही.

दोन्ही दुरुस्त्या एकदम लादल्या की पोर बोलणंच आखडतं घेतं, आणि बोललंच नाही तर त्याचा ‘र’ पक्का व्हायचा कधी? शाळेतला ‘ळ’ शाळा शिकवेल. घरी आजीशी अहिराणीत मनसोक्त बोलू द्या; ‘र’ तिथंच मुरतो.