प्राणिसंग्रहालयाची पारख

मार्गशीर्षांत सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. तेथें घोडा घेणारा मनुष्य काय करतो, हें खानदेशांतील वाचकांस सांगावयास नकोच. तो जनावराचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून चाल पाहतो, आणि विकणाराच्या गोड भाषणापेक्षां आपल्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतो. बैल, कपाशी, केळीं, सोनें यांपैकीं कोणतीही वस्तु जळगांव-धुळ्याचा व्यापारी पारखल्यावांचून पदरीं घेत नाहीं. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ मुलांबाळांस घेऊन मोठ्या शहरांतील प्राणिसंग्रहालयांत गेला कीं, त्याची पारख दरवाजाशींच गळून पडते. वाघ दिसला म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल झाले, आणि वाघ निजलेला असला म्हणजे ते बुडाले, एवढाच त्याचा हिशेब! या हिशेबांत मुक्या जनावरांचें तर नुकसान आहेच, पण आपल्या मुलांचें त्याहून मोठें नुकसान आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जळगांव व धुळें या दोन्ही शहरांत नांव घेण्याजोगें प्राणिसंग्रहालय नाहीं. म्हणून हिवाळ्यांत शाळांच्या सहली निघाल्या म्हणजे अजिंठा-वेरूळ पाहून छत्रपति संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानांत जावें, किंवा नातलगांकडे मुंबईस गेल्यावर भायखळ्याची राणीची बाग पाहावी, असा परिपाठ पडला आहे. हा ऋतु पारखीस उत्तमही आहे. उन्हाळ्यांत जनावर सावलीच्या कोपऱ्यांत पडून असतें व त्याचें खरें स्वरूप कळत नाहीं. हिवाळ्यांत तें सकाळच्या उन्हास बाहेर येतें, तेव्हां त्याची कांति, चाल आणि आजार हीं तिन्ही उघड दिसतात. धुळ्याचा पारा कांहीं वर्षीं सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, हें आपण अंगावर शाल घेऊन अनुभवतोंच. फरसबंदीवर रात्र काढणाऱ्या माकडास ती थंडी कशी वाटत असेल, याचा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतो.

जनावरें बाळगण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. सवाई माधवरावांच्या काळीं पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता. त्या काळीं राजाचें ऐश्वर्य दाखविणें हाच अशा संग्रहाचा हेतु असे. पुढें इ. स. १९०७ मध्यें जर्मनींत हँबुर्गजवळ हागेनबेक नांवाच्या व्यापाऱ्यानें गजांऐवजीं खंदक खोदून जनावरें मोकळ्या मैदानांत दाखविण्याचा प्रघात पाडला, आणि पिंजरा ही अपरिहार्य गोष्ट नाहीं हें जगास कळून आलें. आपल्या देशांतही कायदा मागें राहिलेला नाहीं. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन इ. स. १९९२ मध्यें केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें, व त्याच्या मान्यतेवांचून संग्रहालय चालविणें बेकायदेशीर ठरलें. इ. स. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणानें वन्य जीवांच्या रक्षणास हातभार लावणें हा संग्रहालयांचा मुख्य उद्देश ठरविला. त्याच कायद्यानें प्रेक्षकांवरही बंधन घातलें आहे: जनावरास खिजविणें, इजा करणें, खाऊ घालणें, गोंगाट करून त्रास देणें व आवारांत घाण टाकणें हे सर्व गुन्हे आहेत. शेंगदाणे फेंकणाऱ्या किती जणांस हें ठाऊक आहे?

तेव्हां पारख कशी करावी? पहिली कसोटी चालीची. जो वाघ किंवा अस्वल एकाच रेषेवर तासन्‌तास येरझारा घालतो, किंवा जो हत्ती उभ्या जागीं सारखी मान डोलावतो, त्यास पाहून ‘काय ऐटींत चालतो!’ म्हणणारा मनुष्य भ्रमांत आहे. तें कोंडलेल्या मनाचें दुखणें आहे. दुसरी कसोटी आडोशाची. लोकांच्या दृष्टीआड जाण्यास जागा, बसण्यास माती, घासण्यास झाडाचा बुंधा, हिवाळ्यांत ऊन व वाऱ्यापासून निवारा हीं जेथें आहेत, तेथें जनावर वेळोवेळीं दिसणार नाहीं. पण न दिसणें हाच तेथील व्यवस्थेचा चांगुलपणा समजावा. तिसरी कसोटी सोबतीची. कळपांत राहणारा प्राणी एकटा ठेवलेला आहे काय, हें पाहावें. चौथी कसोटी फलकाची. जनावर कोणत्या अरण्यांतलें, काय खातें, त्याची जात कां कमी होत आहे, हें मराठींत सांगणारा फलक नसेल तर तेथें शिक्षण नाहीं, केवळ करमणूक आहे. पांचवी कसोटी हिशेबाची. वर्षांत किती प्राणी जन्मले, किती दगावले व कोणत्या कारणानें, हें विचारण्याचा हक्क तिकीट काढणारास व कर भरणारास आहे.

या कसोट्या लावल्या तर काय दिसतें? सिद्धार्थ उद्यानांत पांढऱ्या व पिवळ्या वाघांची वीण चांगली झाली, व तेथील एक जोडी इ. स. २०२० मध्यें मुंबईस पाठविण्यांत आली, ही गोष्ट खरी. पण त्याच संग्रहालयाची मान्यता इ. स. २०१८ मध्यें अपुऱ्या जागेसारख्या दोषांमुळें प्राधिकरणानें काढून घेतली होती, हीही गोष्ट खरी. अपील होऊन तें चालू राहिलें व मिटमिट्यास प्रशस्त जागेवर नवें उद्यान उभारण्याचें काम निघालें. यावरून पिलें वाढणें आणि जागा वाढणें या भिन्न गोष्टी आहेत, हें सूज्ञांनीं ओळखावें. मुंबईस इ. स. २०१६ मध्यें आठ पेंग्विन पक्षी आणले. त्यांपैकीं एक त्याच वर्षीं मेला. पुढें इ. स. २०१७ मध्यें बागेचें तिकीट पांच रुपयांवरून पन्नास रुपये झालें. परदेशी पाखरांसाठीं थंडगार काचघर बांधणाऱ्या नगरीनें देशी लांडग्याकडे, खोकडाकडे व तरसाकडे तितक्याच कौतुकानें पाहिलें असतें, तर आम्हांस अधिक संतोष वाटता. आपल्या माळावरचा लांडगा आज वाघाइतकाच विरळ झाला आहे, हें मुलांस कोण सांगणार?

नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रांत इ. स. २०२४ च्या डिसेंबरांत तीन वाघ व एक बिबट्या दगावले, आणि त्यांचा मृत्यु बर्ड फ्लूनें झाल्याचें तपासणींत ठरलें. आधुनिक इमारत असली तरी खाद्याची तपासणी व रोगाची दक्षता यांवांचून जनावर वांचत नाहीं, हा त्यांतला धडा आहे. चिंचवडच्या संग्रहालयास आसोद्याच्या लेकीचें, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें, नांव दिलें आहे. तें नूतनीकरणासाठीं कित्येक वर्षें लोकांस बंद राहिलें. ज्या नांवाचा खानदेशास अभिमान, त्या नांवाच्या संस्थेची चौकशी खानदेशानें केली तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, गरिबाच्या पोरास अरण्यांत कोण नेतो? त्यानें वाघ पाहावा तो पिंजऱ्यांतच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. संग्रहालयें बंद करावीं असें आमचें म्हणणेंही नाहीं. परंतु मुलगा पाहतो तेंच शिकतो. खिन्न जनावरापुढें उभा राहून हंसणारा मुलगा प्राणिशास्त्र शिकत नाहीं, तो निर्दयता शिकतो. सर्कशींतील वाघ-सिंहांचे व अस्वलांचे खेळ इ. स. १९९८ च्या सरकारी हुकुमानें बंद झाले, व इ. स. २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम कायम केला. विष्णुपंत छत्र्यांच्या काळापासून आपल्या लोकांस या खेळांची गोडी होती. तरी ते गेल्यानें समाज दरिद्री झाला नाहीं.

शेवटचा प्रश्न आपल्या घरचा. एके काळीं औट्रम साहेबानें भिल्ल पलटण उभारतांना वाघांच्या शिकारीबद्दल नांव मिळविलें तें याच खानदेशांत. आज सातपुड्यांत यावलचें अभयारण्य व मुक्ताईनगरकडील मुक्ताई-भवानीचें राखीव क्षेत्र एवढाच आसरा उरला आहे. इ. स. २०१७ च्या हिवाळ्यांत चाळीसगांव तालुक्यांत बिबट्यानें अनेक माणसांचे प्राण घेतले, व अखेर त्यास गोळी घालावी लागली. अशा मुलुखांत जळगांव-धुळ्याच्या नगरसंस्थांनीं बागेच्या कोपऱ्यांत हौसेचे पिंजरे मांडण्याऐवजीं, जखमी व पकडलेल्या वन्य प्राण्यांवर उपचार करणारें, शिकलेला पशुवैद्य व प्रशस्त कुरण असलेलें केंद्र सरकारजवळ मागावें. शाळांनीं मुलांस यावलच्या रानांत पावलांचे ठसे दाखवावे. व्यापारी मंडळींनीं गोशाळांना जशी मदत केली, तशीच या कामासही करावी.

आणि या हिवाळ्यांत जो कोणी संग्रहालयांत जाईल, त्यानें घोडेबाजारांतले डोळे बरोबर न्यावे. जेथें दोष दिसेल तेथें व्यवस्थापकाच्या वहींत तो लिहून, खालीं आपली सही करून यावें. घोडा तरी गिऱ्हाईकाच्या नजरेनें पारखला जातो व नीट ठेवला जातो. कोंडलेल्या वाघास प्रेक्षकाच्या नजरेवांचून दुसरा वकील नाहीं.