कुटुंबन्यायालयें आणि आपली कृपणता

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं परवां बोलतां बोलतां असें मत दिलें कीं, कुटुंबन्यायालयांत बसावयास खुर्च्या आणि मुलांस खेळावयास खोली दिली, तर घटस्फोट मागणारांची संख्या अधिकच वाढेल. तेथील गैरसोय हाच संसार टिकविण्याचा उपाय होय! हें मत एकट्या त्यांचें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण पुष्कळ सुशिक्षित घरांतून तें ऐकूं येतें, म्हणून त्याचा समाचार घेणें भाग आहे.

ही संस्था कशासाठीं निघाली हें आधीं आठवावें. दुर्गाबाई देशमुख १९५३ सालीं चीनला जाऊन आल्या, तेव्हां अशा स्वतंत्र न्यायालयांची कल्पना त्यांनीं आग्रहानें मांडली व न्या. छागला, न्या. गजेंद्रगडकर यांच्याशीं तिची चर्चा केली. कायदा व्हावयास १९८४ साल उजाडलें; पुणें व मुंबई येथें न्यायालयें सुरू झालीं तीं १९८९ सालीं. दिवाणी दाव्यासारखी घराची चिरफाड होऊं नये, हा या कायद्याचा आत्मा. समेटाचा प्रयत्न करणें हें कलम ९ नें न्यायालयाचें कर्तव्यच ठरविलें आहे. आणि पक्षकारांपैकीं एकानेंही इच्छा दर्शविल्यास सुनावणी बंद दाराआड व्हावी, असें कलम ११ सांगतें.

आतां प्रत्यक्ष काय घडतें? गेल्या महिन्यांत आप्तांपैकीं एका मुलीच्या सोबतीस म्हणून आम्हांस अशाच एका न्यायालयांत सकाळपासून बसावें लागलें. ‘बसावें’ हा शब्द उपचाराचा. अरुंद ओसरी, दोन बाक आणि पन्नासएक माणसें. ज्यांना एकमेकांचें तोंड पाहवेनासें झालें, त्यांनाच गुडघ्याला गुडघा लावून बसविलेलें. समुपदेशक बाईंच्या खोलीस फळ्यांचा अर्धा आडोसा. आंतील नवराबायकोचें बोलणें आम्हां परक्यांस शब्दशः ऐकूं येत होतें, आणि तें ऐकूं येऊं नये म्हणून आम्ही वर्तमानपत्राचीं पानें मुद्दाम फडफडवीत होतों. चारपांच वर्षांचा एक मुलगा बापाच्या भेटीस आणला होता. भेटीची जागा जिन्याखालचा कोपरा. बापानें आणलेली खेळण्यांतली मोटार चालविण्याइतकी मोकळी फरशी त्याला मिळेना. तो ती भिंतीवर चालवीत होता.

दोन वाजतां पुकारा झाला व पुढची तारीख मिळाली. न्यायाधीशांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्यापुढें त्या दिवशीं इतकीं प्रकरणें होतीं कीं एकेकाच्या वाट्यास चार मिनिटेंही येत नव्हतीं. चार मिनिटांत समेट कोण घडवील? भाजीच्या सौद्यालाही त्याहून अधिक वेळ लागतो.

स्नेह्यांच्या मताचा फोलपणा येथेंच आहे. गैरसोयीनें संसार टिकत नाहीं. टिकतो तो तंटा. हिंदु विवाह कायद्याचें कलम २१-ब म्हणतें कीं, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत अर्ज निकालांत काढण्याचा प्रयत्न व्हावा; दाव्याच्या काळांतील पोटगीस त्याच कायद्यानें शक्यतों साठ दिवस दिले आहेत. (हे दिवस मोजतो कोण, हा प्रश्न निराळा!) हा काळ लांबतो तेव्हां त्याचा भार दोघांवर सारखा पडत नाहीं. मिळवता नवरा तारखांवर तारखा सोसूं शकतो. माहेरच्या उपकारावर राहणारी बाई दर तारखेस एक दागिना मोडते. शेवटीं थकून ती ज्या कागदावर सही करते त्यास समेट म्हणणें ही भाषेचीही विटंबना आहे. संसार वाचावे अशी ज्यांस खरी कळकळ असेल, त्यांनींच अधिक न्यायाधीश, अधिक समुपदेशक आणि दार लागणाऱ्या खोल्या आधीं मागावयास हव्यात.

पैसा नाहीं, ही सबब आम्हांस पटत नाहीं. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत कुटुंबन्यायालय असलेंच पाहिजे, असें कायदा सांगतो. वस्ती कोटीच्या पलीकडे गेल्यावर किती असावींत, हें तो सांगत नाहीं, आणि आम्हीही विचारीत नाहीं. एका रात्रीच्या लग्नसमारंभास आम्ही केवढा मांडव घालतों! तेंच लग्न मोडूं लागलें कीं दोन माणसांना बोलावयास आम्हांजवळ एक खोली नसते.

त्या मुलीची पुढील तारीख श्रावणांत आहे. आमच्या स्नेह्यांनीं त्या दिवशीं आमच्यासह यावें, अशी त्यांस विनंति आहे. मात्र उभें राहण्याची तयारी ठेवावी.