'वाया जाणारं पाणी' कुणाचं?



मागच्या महिन्यात आपल्या संघटनेतल्या तिघांना शहरातल्या एका परिषदेचं बोलावणं आलं. विषय होता 'जल अभियांत्रिकी आणि हवामान अनुकूलन'. म्हणजे धरणं-कालवे बांधणारे इंजिनियर, पावसाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी एकत्र बसून बोलणार, की हवामान बदलतंय तर पाण्याचं काय करायचं. दोन दिवस भाषणं झाली. आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं दिली होती, 'अनुभव कथन' म्हणून.

त्याच्या आधीच्या भाषणात एका तज्ज्ञांनी पडद्यावर आपल्या खोऱ्याचा नकाशा दाखवला. नदी होती, डोंगर होते आणि मधोमध एक मोठा निळा डाग होता. तो म्हणे प्रस्तावित पाणीसाठा. त्यात पाणी किती मावेल ते बाजूला लिहिलेलं होतं. आपल्याबरोबर गेलेल्या म्हाताऱ्या आईला वाचता येत नाही, पण नदीचं वळण तिने ओळखलं. बसल्या जागेवरून तिने विचारलं, "साहेब, त्या निळ्यात आमचा पाडा कुठं गेला?" सूत्रसंचालक म्हणाले, "मावशी, प्रश्न शेवटी घ्यायचे आहेत." शेवटी वेळ संपली होती.

त्या परिषदेला नावं ठेवत बसायची आमची इच्छा नाही. माणसं आदराने बोलली, जेवायला बरोबर घेऊन बसली. आमचं म्हणणं वेगळं आहे. अशा परिषदांमध्ये जे शब्द बोलले जातात ते एक दिवस आपल्या पाड्यावर येतात. उशिरा येतात, पण येतात. येताना त्यांच्याबरोबर मोजणीवाले येतात, झाडांवर आणि दगडांवर रंगाच्या खुणा येतात. म्हणून ते शब्द आपण वेळेवर ऐकले पाहिजेत आणि वेळेवर उत्तर दिलं पाहिजे.

एका शब्दाचा चाळीस वर्षांचा प्रवास

त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द होता 'वाया'. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी समुद्रात 'वाया' जातं, ते 'अतिरिक्त' आहे, ते अडवून जिथं कमी आहे तिथं नेलं पाहिजे. ऐकायला बरोबर वाटतं. पण हा विचार आजचा नाही. १९८० साली केंद्र सरकारने नद्या जोडण्याचा राष्ट्रीय आराखडा केला, त्यात तो होता. १९८२ साली त्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय जलविकास अभिकरण स्थापन झालं. मग वर्षानुवर्षं अहवाल, बैठका, भाषणं. आपल्या पाड्यांना काही पत्ता नाही. आणि १ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात पाच नदीजोड प्रकल्पांची नावं आली. त्यातला दमणगंगा-पिंजाळ आपल्या पालघर जिल्ह्यातला, पाणी मुंबईला. दुसरा पार-तापी-नर्मदा, तो नाशिक जिल्हा आणि गुजरातच्या वलसाड-डांगच्या आदिवासी मुलखातला.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. धरमपूर, वांसदा, डांग इथले आदिवासी मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. मे २०२२ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पार-तापी-नर्मदा प्रकल्प रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. लोकांची ताकद कामाला आली. पण अहवाल तयार आहेत, कपाटात आहेत. चाळीस वर्षं थांबलेला शब्द आणखी चार वर्षं थांबू शकतो.

'जास्त' कुणी मोजलं?

आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. कागदावर वर्षाची बेरीज केली की आपलं खोरं श्रीमंत दिसतं. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांतला. दिवाळीनंतर ओहोळ बारीक होतो, होळीनंतर विहिरीचा तळ दिसतो आणि बाया पहाटे हंडे घेऊन झऱ्यावर बसतात. वर्षाच्या बेरजेत मे महिना दिसत नाही.

धरणं नाहीत म्हणून ही हालत आहे काय? तानसा धरण १८९२ चं. मोडकसागर १९५७ चं. मध्य वैतरणा २०१४ चं. भातसा तर मुंबईच्या पाण्याचा सगळ्यात मोठा आधार. शहापूर, वाडा, मोखाडा या आपल्याच भागात ही धरणं आहेत आणि मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरच्या वर पाणी मिळतं, त्यातलं बहुतेक इथून जातं. त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. सूर्या धरण डहाणू-पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधलं. आता त्यातलं रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदर या शहरांना द्यायचं ठरलेलं आहे.

शहराच्या तहानेशी आपलं भांडण नाही. तिथल्या झोपडपट्टीत आपल्यातलीच माणसं हंडा घेऊन रांगेत उभी असतात. आपला प्रश्न साधा आहे: धरणाच्या भिंतीखालचा पाडा तहानलेला असताना त्या खोऱ्यातलं पाणी 'अतिरिक्त' कसं?

आणि जे 'वाया' जातं म्हणतात ते जातं कुठं? ते आधी आपल्या खाचरात भात पिकवतं. ओहोळात खेकडे, मासे देतं. जमिनीत मुरून झऱ्याला येतं. शेवटी खाडीत गोडं पाणी पोचतं त्यावर मासळी जगते, तिच्यावर कोळी जगतो. ही सगळी पोटं हिशेबात धरली नाहीत, की मग पाणी वाया जातं असं दिसतं.

आता नवं नाव

हवामान बदलतंय हे आपल्याला कुणी परिषदेत सांगायची गरज नव्हती. राब भाजून तयार ठेवावा आणि पाऊस महिनाभर दडी मारून बसावा. रोपं आवणीला यावीत आणि एका रात्रीत इतकं कोसळावं की बांध फुटून खाचर दगडांनी भरावं, हे आपण बघतोच आहोत. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला २०१७ चा अभ्यासही तेच सांगतो: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. शास्त्रज्ञ बरोबर बोलतात तिथं आपण बरोबर म्हटलं पाहिजे.

पण या खऱ्या संकटाच्या नावाने जुन्याच वस्तू पुन्हा पुढे येत आहेत. कालपर्यंत धरण 'विकासा'साठी होतं, आज 'हवामान अनुकूलना'साठी आहे. उदंचन प्रकल्पांचंही तसंच. यात डोंगरावर एक तलाव आणि खाली एक तलाव असतो. वीज स्वस्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, विजेची गरज वाढली की वरून खाली सोडून वीज करायची. आपल्या शेजारी घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. २०२३ साली राज्य सरकारने सह्याद्रीत अशा आणखी अनेक प्रकल्पांचे करार केले. यात कोळशाचा धूर नाही हे खरं. पण दोन तलावांना जमीन लागते, जंगल लागतं, आणि घाटावर व घाटाखाली कोण राहतं ते आपण जाणतो. त्या परिषदेत या प्रकल्पांवर जी भाषणं झाली, त्यांत 'वनहक्क' हा शब्द आपल्या लोकांना एकदाही ऐकू आला नाही.

जावं की न जावं?

परत आल्यावर बैठकीत वाद झाला. काही साथी म्हणाले, "तिथं जाऊन काय मिळालं? आपले फोटो काढले, आता अहवालात छापतील की आदिवासींशी चर्चा झाली." हा धोका खरा आहे. २००९ साली तुर्कस्तानात इस्तंबूलला जागतिक जल मंच भरला होता. तिथं धरणांच्या विरोधात फलक दाखवला म्हणून दोन महिला कार्यकर्त्यांना ताब्यात घेऊन देशाबाहेर पाठवलं. मंच मोठा असला म्हणजे मोकळा असतो असं नाही.

तरी आमचं मत आहे की जावं. दुसरी बाजूही आठवा. नर्मदेच्या काठचं मणिबेली हे आपल्या महाराष्ट्रातलं आदिवासी गाव. तिथल्या लोकांनी बुडत्या घरात उभं राहून लढा दिला. १९९३ साली जागतिक बँक सरदार सरोवरातून बाहेर पडली. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा असा जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. पुढे जागतिक धरण आयोग बसला. त्याने २००० साली लिहून दिलं की मोठ्या धरणांनी जगात ४ ते ८ कोटी माणसं उठवली, आणि आदिवासींच्या जागेवर प्रकल्प करायचा तर आधी पूर्ण माहिती देऊन, दबाव न आणता त्यांची संमती घ्या. भारत सरकारने तो अहवाल मानला नाही. सरदार सरोवरही शेवटी पूर्ण झालं. पण 'संमती' हा शब्द जगाच्या टेबलावर गेला तो परिषद भरवणाऱ्यांनी नाही नेला, बुडणाऱ्या गावांनी नेला.

म्हणून जावं, पण एकट्या-दुकट्याने पाहुणा म्हणून नाही. ग्रामसभेचा ठराव घेऊन जावं आणि ठरावातलंच बोलावं.

आपल्या झऱ्याचा हिशेब

आणि हातात आपला हिशेब पाहिजे. इंजिनियर आकड्याला मान देतो, तर आकडा आपणही काढू. मे महिन्यात झऱ्याखाली १० लिटरचा डबा धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. समजा डबा ५० सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२० लिटर, दिवस-रात्र मिळून १७,२८० लिटर. पाड्यात ४० घरं असतील तर घरामागे ४३२ लिटर. मग बाया रांगेत का बसतात? कारण रात्रीच्या दहा तासांत आलेलं ७,२०० लिटर पाणी धरायला टाकी नाही, ते वाहून जातं. वाया जाणारं पाणी बघायचं असेल तर साहेबांनी रात्री आपल्या झऱ्यावर यावं. १० हजार लिटरची एक झाकलेली टाकी आणि पाड्यापर्यंत पाइप, हेसुद्धा हवामान अनुकूलनच आहे. यात कुणाचं घर बुडत नाही.

झरा वनखात्याच्या जमिनीत आहे म्हणून काम अडतं, असं सांगतात. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून दाखवा. पिण्याच्या पाण्याची योजना, पाइपलाइन, तळी, पाणी अडवायची कामं यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. कलम ५ तर पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकारच ग्रामसभेला देतं. आणि मोठ्या प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची आधी संमती मागतो.

तर साथींनो, आमचं सांगणं इतकंच:

१) होळीनंतर प्रत्येक पाड्याने आपला झरा, विहीर मोजावी. दर पंधरा दिवसांनी आकडा वहीत लिहावा. मोजायला बायांना पुढे घ्या. पाण्याची वेळ त्यांनाच माहीत.

२) ग्रामसभेत ठराव करावा की आमच्या हद्दीतल्या पाण्याबद्दल कुठंही चर्चा, पाहणी किंवा मोजणी होणार असेल तर आधी ग्रामसभेला मराठीत कागद द्यावा.

३) परिषदा भरवणाऱ्यांना संघटना पत्र लिहिणार आहे: पुढची बैठक मे महिन्यात आमच्या पाड्यावर घ्या. झाडाखाली बसायला जागा आहे. पाणी मात्र आपापलं आणा, किंवा आमच्याबरोबर पहाटे झऱ्यावर या.

ज्या इंजिनियरांना खरंच काम करायचं आहे त्यांचं स्वागत आहे. टाकी कुठं बांधावी, पाइप किती इंचाचा लागेल, हे आम्हाला त्यांच्याकडून शिकायचं आहे. नकाशाही त्यांनी जरूर काढावा. फक्त त्यात आधी पाडा दाखवावा, घरं दाखवावीत, गावदेव दाखवावा. निळा रंग मग भरता येईल, आणि तोही ग्रामसभेला विचारून.

म्हाताऱ्या आईच्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत आपण विचारत राहू.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!